लसणानं माणूस मरत नाही, वहिनी

वहिनी, आधी एक गोष्ट सांगून टाकते, मग बाकीचं. तू लसणानं गेली नाहीस.

असलं वाक्य कधी लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण दारावर बसायला येणाऱ्या बाया ओट्यावर रडतात, डोळे पुसतात, तांब्यातलं पाणी पितात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "लसूण फार खायची म्हणे?" आपल्या गल्लीत दोन घरांनी लसणाची चटणी वाटायची बंद केली आहे. खान्देशात! जिथं भाकरीला चटणी नसली तर माणूस ताटावरून उठतो, तिथं. लसणानं माणसं मरत असती तर शहाद्यापासून नवापूरपर्यंत औषधालाही कोणी उरलं नसतं.

या बाया अजून काय काय म्हणतात ते तुला ऐकवते, कारण तुझ्याबद्दलचं तुला आधी कळायला हवं. एकजण म्हणाली, भाग्याची होती, अहेव गेली, हिरव्या साडीत गेली, हातात चुडा घेऊन गेली. चाळिशी न गाठलेली बाई, मागे नववीतली पोर, आणि म्हणे भाग्याची. दुसरी म्हणाली, कधी उलटून बोलली नाही. हे ऐकून मला रडता रडता हसू फुटलं. तू उलटून बोलली नाहीस? या घरात तुझ्याइतकं उलटून बोललेलं माणूस मी पाहिलेलं नाही. आणि तिसरं वाक्य आपल्या मायचं. माझी माय, तुझी सासू. येईल त्या बाईला ती सांगते, "तिनं कधी काही सांगितलंच नाही वं बाई, आम्हाला कळणार कसं?"

या तिसऱ्या वाक्यासाठी मी लिहायला बसले आहे. माणूस गेलं की लोक त्याला मुकं करून टाकतात. मुकी सून फार गोड दिसते. फोटोला हार घातला की झालं.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या सुटकेसमध्ये साड्यांच्या घड्यांत पास्त्याची पाकिटं होती. तुझे वडील सुरतला लूमवर कामाला, तू तिथंच वाढलेली, घरात अहिराणी आणि गल्लीत गुजराती. आम्हाला वाटलं सुरतची सून म्हणजे साड्या आणेल. तू पाकिटं आणलीस. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. पास्ता हा शब्द मला माहीत होता, चव माहीत नव्हती, आणि माहीत नसलेलं कबूल करायची मला सवय नव्हती. घरातले सगळे पपईच्या शेतात गेले होते. तू पाकीट फोडलंस आणि मला विचारलंस, सॉस आहे का. नव्हता. चीज? आपल्या घरात तेव्हा चीज कोणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. मी शरमले. तू नाही शरमलीस. कमरेला पदर खोचून तू स्वयंपाकघरात गोल फिरलीस. खुंटीला लसणाची जुडी, कोपऱ्यात शेंगदाणा तेलाचा डबा, शिंक्यात वाळलेल्या लाल मिरच्या, मिठाची बरणी. म्हणालीस,

"लसुन शे, तेल शे, मिरची शे. आखो काय पायजे?"

आणि खरंच दुसरं काही लागलं नाही. पाणी उकळलं, मीठ टाकलं, पास्ता शिजेपर्यंत आपण दोघींनी मिळून गावठी लसणाच्या त्या बारीक, चिवट, नखात जाणाऱ्या पाकळ्या सोलल्या. तेलात लसूण, लसणावर मिरची तोडून, त्यावर निथळलेला पास्ता, आणि वरून मूठभर कोथिंबीर, ती पण परसातली. पितळी ताटलीत, दोघींनी एकाच ताटलीत. मला आठवतं, मी पहिला घास खाल्ला आणि म्हणाले, हे तर आपलंच आहे. तू म्हणालीस, मग काय चीनचं आहे का.

संध्याकाळी मायनं उरलेला पास्ता पाहिला आणि विचारलं ही गांडुळं कोणी आणली. तू म्हणालीस, "सासूबाई, गांडूळ शेतले चांगलं ऱ्हास, पोटले बी चांगलंच ऱ्हाई." घरात आल्याला पंधरवडाही झाला नव्हता. उलटून न बोलणारी सून!

पाकिटं संपली. शहाद्याच्या किराणा दुकानात तेव्हा ती मिळायची नाहीत. शेठला विचारलं तर तो शेवयांचा पुडा पुढे करायचा. मग त्या उन्हाळ्यात घरोघर शेवया आणि नखुले करायला बाया जमल्या, तशा आपल्याकडेही जमल्या. नखुले सांगायला नकोत खान्देशातल्या माणसाला, पण हे बाहेरचं कोणी वाचेल म्हणून सांगते: रव्याच्या पिठाच्या बारीक गोळ्या घ्यायच्या, अंगठ्याच्या नखानं प्रत्येकीला दाबून वाटी पाडायची, वाळवायच्या, डब्यात भरायच्या. लग्नात रुखवतात मांडायच्या, एरवी खिरीत घालायच्या. शेकडो वर्षं आपल्या बायांनी त्यात दूध-गूळ सोडून दुसरं काही घातलं नाही. तू एक नखुला हातात घेतलास, उलटा-सुलटा केलास आणि मला कोपरानं ढोसलंस. मला कळलं.

आबांकडे पाहुणे आले होते तो दिवस आठवतो? आबा म्हणजे आमचे थोरले काका, घराचा शेवटचा शब्द त्यांचा. मायनं तुला खीर करायला सांगितली. खीर तू केलीस, पण अर्ध्या नखुल्यांची. अर्ध्यांना लसणाची फोडणी देऊन वाटीत घालून पाहुण्यांसमोर ठेवलीस. मायचा चेहरा! लग्नकार्याची वस्तू, तिला लसूण! पाहुणे मात्र खात सुटले. त्यांनी दुसरी वाटी मागितली, तिसरी मागितली, खिरीला हात लावला नाही. आबा म्हणाले, हे काय केलंय? तू आतून म्हणालीस, "इटलीनी खीर." पाहुणे हसले म्हणून आबांना हसावं लागलं. त्यानंतर दर उन्हाळ्यात आपल्या घरी नखुल्यांचे दोन डबे भरायचे, एक खिरीचा, एक तुझा. तुझ्या डब्यातला नखुला जरा मोठा असायचा, कारण तुझं म्हणणं, वाटी खोल असली की तेल त्यात बसतं.

आणि तुझं उलटून बोलणं माझ्या किती कामी आलं ते कोण सांगणार? मी तिसऱ्या वर्षाला असताना स्थळ आलं. मुलगा बरा होता, जमीन होती, त्यांना घाई होती. आबांनी होकार दिल्यातच जमा होता. मी आत बसून रडत होते, कारण रडण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. तू ओट्यावर चहा घेऊन गेलीस, ट्रे खाली ठेवलास आणि उभीच राहिलीस. आबांनी विचारलं काय आहे. तू म्हणालीस, "परीक्षा व्हवू द्या. पोरगं पळी नही जाणार. आनि पळी गया तर तसं बी काय कामनं?" एवढंच. मग वळून आत आलीस आणि मला म्हणालीस, उठ, अभ्यास कर, आता नापास झालीस तर मला तोंड राहणार नाही.

या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. हे मी सगळीकडे अभिमानानं सांगते आणि सांगत राहीन. निकाल लागला त्या दिवशी लोकांनी पेढे आणले आणि तू सुरतहून मागवून ठेवलेल्या पाकिटांचा, सर्वांत मोठ्या पातेल्यात, गंजात, पास्ता केलास, अख्ख्या गल्लीला. म्हातारी माणसं पळसाच्या पानांवर पास्ता घेऊन बसली होती, एकेक उचलून पाहत होती. आज मी नंदुरबारला शाळेत विज्ञान शिकवते. फलकावर लिहिताना कधी कधी तो गंज आठवतो.

विज्ञानावरून आपलं भांडण आठवलं. ते अजून मिटलेलं नाही, आणि तू गेलीस म्हणून मी हार मानेन असं समजू नकोस. तू लसूण धूर निघालेल्या तेलात टाकायचीस आणि पार तपकिरी, काळपट होईपर्यंत सोडायची नाहीस. मी सांगून सांगून थकले. थंड तेलात लसूण टाक, मंद आचेवर हळूहळू तापू दे, सोनेरी झाला की लगेच उतरव. लसणात साखर असते, ती जळली की कडू होते. आणि पास्ता शिजवलेलं पाणी सगळं ओतून देऊ नकोस, एक पळी ठेव, तेलाबरोबर ते घट्ट होतं. तू म्हणायचीस, साडीला खळ द्यायची आहे का? आणि लसणाबद्दल म्हणायचीस, "तुन्हा लसुन आजारी शे. मन्हा लसुन कुरकुरतो तरी." निकी, तुझी पोर, दोन्हीकडून खायची. माझ्यासमोर माझा चांगला म्हणायची, तुझ्यासमोर तुझा. चहाडखोर कुठली.

आता आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, सांगते. ते सांगायला नको वाटतं, पण तेच सांगायचं आहे.

आखाजीला माहेरवाशीण म्हणून मी आले. झोके बांधले होते, आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या, पितरांची घागर भरली. दुसऱ्या दिवशी तू मला आणि निकीला पास्ता केलास. तुझ्या डब्यातले गेल्या वर्षीचे शेवटचे नखुले, कारण नवे अजून वाळत होते. आम्हा दोघींच्या ताटल्या लसणानं भरलेल्या, आणि तू तुझ्यासाठी वेगळे काढलेस, नुसते उकडलेले, मीठ आणि दह्याबरोबर. मी विचारलं हे काय. तू म्हणालीस, "लसुन सोडी दिना." मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलं का? तू म्हणालीस, "मायनी सांगं. ती बी घरनी डॉक्टरच शे." आणि हसलीस. हसताना डावा हात छातीच्या मधोमध ठेवलास, जशी बाई मंगळसूत्र सरळ करते.

तेव्हा तू मला सांगितलंस. मी ऐकलं आहे, म्हणून कोणी म्हणू नये की तू सांगितलं नाहीस. छातीत जळजळ होते, जिना चढले की दम लागतो, कधी हातात कळ जाते. मायला सांगितलं तर ती म्हणाली पित्त आहे, लसूण किती खातेस, सोड. ओवा दिला, हिंग दिलं, थंड दूध दिलं. माझ्या भाऊला, तुझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला पपईची गाडी भरून जाऊ दे, मग जाऊ. गाडी भरली, दुसरी आली. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर नंदुरबारला, उद्याच ईसीजीची पट्टी काढू. तू म्हणालीस, "शेवया आटोपू दे. खाटवर पसरेल शेतस, कोन बघी?"

तुझ्यावरही माझा राग आहे. शेवयांना कोण बघेल म्हणे. शेवया वाळल्या असत्या. ऊन होतं.

एवढं बोलणारी तू, सासूला, आबांना, शेठला, येणाऱ्या-जाणाऱ्याला उत्तर देणारी, आणि लसूण मात्र चुपचाप सोडलास. जी गोष्ट तुझी होती तीच सोडलीस, आणि सोडल्यावरही जळजळ थांबली नाही तेव्हा कोणी विचारलं नाही की आता ही कशानं होते. तूही विचारलं नाहीस. दोषी सापडला होता ना. एकदा दोषी सापडला की घराला बरं वाटतं.

मी परत गेले त्याच आठवड्यात फोन आला. शहाद्याच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तू गेलेली होतीस. डॉक्टरांनी भाऊला बाजूला घेतलं, मी शेजारीच उभी होते. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून दुखत होतं? भाऊ म्हणाला, महिना झाला असेल. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं होतं, आधी आणायला हवं होतं. ते ओरडले नाहीत, टोचून बोलले नाहीत. भाऊनं मान हलवली. घरी आल्यावर ओट्यावर माय विचारत होती, काय झालं, कशानं झालं. आणि भाऊ, तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ, काही बोलला नाही. त्या गप्प बसण्यात मायनं तिचं उत्तर घातलं. पित्त चढलं. हृदयाला भिडलं. किती सांगितलं होतं लसूण खाऊ नको.

दुपारपर्यंत ते गावभर झालं. दुसऱ्या दिवशी मायनं स्वयंपाकघरातली लसणाची जुडी खुंटीवरून काढली आणि गोठ्यात नेऊन टांगली. घरात नको म्हणे. जशी काही ती जुडी पोलिसांनी पकडली होती.

आपल्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत, हे तुला माहीत आहे. इतके दिवस घरात तेल कडकडलं नाही. सोयऱ्यांकडून आलेलं अळणी वरण आणि भाकर. दहाव्याला प्रकाशा गावी तापीवर जाऊन आलो. आणि काल गंधमुक्ती होती, सुतक फिटायचा दिवस. तुझ्या नावाचं ताट करायचं, त्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढायचं. मायनं भाऊला विचारलं, तिला काय आवडायचं रे? इतक्या वर्षांच्या संसारानंतर भाऊ म्हणाला, "ती सगळंच खायची."

सगळंच खायची! तुला खीर आवडत नव्हती. दुधाचा वास सहन होत नव्हता. आणि त्यांनी तुझ्या ताटात काय वाढलं सांगू? खीर. नखुल्यांची. यंदा तू नवा भरलेला डबा, तुझा डबा, मायनं काढला आणि दुधात ओतला, कारण खिरीचा सापडला नाही. मोठे मोठे नखुले, खोल वाट्या, तेल बसावं म्हणून केलेल्या. दुधात फुगून तरंगत होते. निकी म्हणाली, मम्मीला लसणाचा पास्ता आवडायचा. आबा म्हणाले, मयताच्या पानात कांदा-लसूण चालत नाही, बेटा. आणि याच्यात तर नकोच.

याच्यात तर नकोच. पोरीनं ते ऐकलं.

मी परसात मोठी पातेली घासत होते. निकी येऊन माझ्याजवळ उकिडवी बसली. राख घेतली, हातात धरून राहिली. मग तिनं विचारलं,

"आत्या, मी दर रविवारी पास्ता मागायची. नसता मागितला तर मम्मी राहिली असती का?"

वहिनी, मी वर्गात रोज प्रश्न ऐकते. इतका चुकीचा आणि इतका मोठा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नाही बाळा, लसणानं काही होत नाही. ती म्हणाली, मग सगळे का म्हणतात? मी शिकलेली आत्या म्हणून मला मान आहे, पण एका आत्याचं ऐकायचं की आजी, आबा आणि गल्लीचं? चौदा वर्षांची पोर मतं मोजते. तिच्या हिशेबात मी एकटी होते.

हात तसेच राखेचे, मी ओट्यावर गेले. पाहुणे बसले होते. आबा कोणालातरी तेच सांगत होते, लसूण उष्ण, पोटात आग, मग छातीत. मी म्हटलं, आबा, असं बोलू नका, पोर ऐकते, तिनं पास्ता मागितला म्हणून मम्मी गेली असं तिला वाटतंय. लसणानं माणूस मरत नाही. आबांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "शिकनी म्हनीसन डाक्टर व्हयनी का?"

मी म्हटलं, "मी नाही झाले. पण डॉक्टर काय म्हणाले ते भाऊला माहीत आहे. भाऊ, सांग."

भाऊनं वर पाहिलं नाही. पाहुण्यांनी टोप्या सारख्या केल्या. कोणीतरी पावसाचं काढलं. मी उभी राहिले, आणि तो बसून राहिला. शेवटी मायनं मला दंडाला धरून आत आणलं, की माणसांसमोर भावाची शोभा करतेस. मी म्हटलं, तुम्ही मेलेल्या बाईची आणि जित्या पोरीची शोभा करता ते चालतं का? ती रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, वाटलं नाही.

दुपार उलटली, पंगती उठल्या, पाहुणे गेले. सुतक फिटलं होतं. मी गॅसवर पाणी ठेवलं. निकीला म्हटलं, ये, मम्मीचा पास्ता करू. ती दारातच थांबली. डब्याच्या तळाशी, खिरीत न गेलेले थोडे नखुले होते. मी ताटात काढले. प्रत्येकावर तुझ्या अंगठ्याच्या नखाची चंद्रकोर होती. निकीनं एक उचलला, आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला, आणि आत आली.

मग लक्षात आलं की घरात लसूण नाही. मी गोठ्याकडे निघणार तोच भाऊ दारात दिसला. हातात जुडी. आत आला, जमिनीवर फतकल मारून बसला आणि सोलायला लागला. या माणसानं जन्मात लसूण सोललेला नाही. पाकळी दाबत होता, साल निघत नव्हती, नखाखाली रस जाऊन डोळे चोळत होता, आणखी झोंबत होतं. माय देवळीपाशी बसून पाहत होती. निकीनं त्याच्या हातातली पाकळी घ्यायला हात पुढे केला. त्यानं दिली नाही. खाली बघूनच बोलला.

"निकी, तुन्ही मम्मीनी माले सांगेल व्हतं. छातीमा दुखस म्हने. चार येळा सांगं. मी तिले दवाखानामा लई गऊ नही. लसुननं काही नही व्हतं, बेटा. तू मागं म्हनीसन तर नहीच नही."

निकी त्याच्यासमोर बसली आणि लसूण कसा सोलायचा ते दाखवलं: आधी बुडखा चिरायचा, मग ओल्या हातात चोळायचा. तू शिकवलेलं. बापलेकीनं मिळून सोलला. मायनं तोंडावर पदर घेतला होता.

फोडणी निकीनं दिली. तेल धुरावर गेल्यावर लसूण टाकला. मी म्हटलं, आच कमी कर. ती म्हणाली, मम्मी असाच करायची. लसूण तांबूस झाला, मी म्हटलं, आता उतरव. ती हलली नाही. तपकिरी झाला. काळपटला. इतक्या दिवसांनी घरात लसणाचा धूर झाला, सगळ्यांना ठसका लागला आणि त्या निमित्तानं सगळे मोकळेपणी डोळे पुसू शकलो. भाऊनं दोनदा घेतला. मायनं खाल्ला नाही. तिच्या ताटलीत निकीनं वाढलेलं तसंच राहिलं, पण ती ताटली तिनं उचलूनही ठेवली नाही.

आज सकाळी प्रकाशाकडची एक लांबची मावशी दारावर आली, तिला उशिरा कळलं म्हणे. मी आत नंदुरबारला परतायची बॅग भरत होते. ओट्यावर रडणं झालं, पाणी झालं. मावशीनं विचारलं, कसं झालं वं बाई? मायचा आवाज आला, सवयीनं, "काय सांगू, तिनं कधी काही सांगितलंच नाही..."

"सांगेल व्हतं, आजी."

निकी. उंबऱ्यात उभी होती, हातात दप्तर नाही, पुस्तक नाही, काही नाही. आवाज चढवला नव्हता. मी बॅग सोडून बाहेर आले; मला वाटलं, माय आता रागावेल. मावशी माझ्याकडे पाहत होती, मी मायकडे. मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली,

"हा. सांगेल व्हतं. माले बी सांगेल व्हतं."

तुझं ताट चुकलं, वहिनी, पण तुझं बोलणं घरात कोणीतरी परत आणून ठेवलं, आणि ते मी नाही. मी नुसती ओरडले. जाण्याआधी मी काल सोलून उरलेली जुडी पुन्हा स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली. ती कोणी काढली नाही.

बाकी लसूण कडूच होता. करपवला तिनं, तुझ्यासारखाच. मी अजून म्हणते, थंड तेलात टाकायला हवा.